चढाच्या आधी

“ताई, उद्या तू कुणाच्या गाडीत बसणार?”

दादाने हातातला घास हातातच धरून विचारलं आणि ताईचा पाण्याचा पेला ओठांपाशी थांबला. प्रश्न साधाच होता... पण या घरात साधे प्रश्न उरलेच कुठे होते! दुपारचं जेवण इकडे की तिकडे, आधी कुणाच्या गाडीची गादी शिवायची, आजारपणात औषध कुणी आणायचं, प्रत्येक प्रश्नाच्या पोटात तोच एक प्रश्न दडून बसलेला असायचा. तू कुणाची?

ती उत्तर शोधत असतानाच पत्र्याच्या भिंतीपलीकडून बाळ्याचा आवाज आला. “दादाला सांग, ताई माझ्याच गाडीत बसणार! त्या दिवशीही माझ्याच गाडीत होती ती.”

“त्याला सांग,” दादा ताटाकडे बघत म्हणाला, “भिंतीला कान लावून जेवलं की अन्न अंगी लागत नाही.”

“आणि त्याला सांग, इतका त्रास होत होता तर भिंत विटांची घालायची होती! पत्रा कुणाच्या डोक्यातून निघाला?”

ताईने कुणालाच काही सांगितलं नाही. दोघांनाही एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. तरीही निरोप तिच्यामार्फतच जायला हवा, असा त्या घराचा नियम होता. वडिलांचं एकच गॅरेज, एकच अंगण, आणि मधोमध ही पत्र्याची भिंत. अलीकडे थोरला दादा, त्याची बायको आणि मुलगी. पलीकडे धाकटा बाळ्या, एकटा. आणि दोघांची मोठी बहीण वरच्या खोलीत, जिला दोन्हीकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या होत्या आणि हक्काचं असं एकही दार नव्हतं. जिना दादाच्या बाजूला उतरायचा. बाळ्याकडे जायचं तर रस्त्यावरून वळसा घालून जावं लागायचं.

“आत्या दोन्ही गाड्यांत बसेल,” दादाची लेक म्हणाली. तिचं पदार्थविज्ञानाचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि घरात कुणीही कशाबद्दलही ‘नक्की’ म्हटलं की ‘कशावरून?’ असं विचारायची तिला सवय लागली होती. “तुलना करायची म्हणजे बाकी सगळं सारखं हवं. तोच रस्ता, तेच ऊन, तेवढंच वजन. आधी बाबांची गाडी, मग काकाची.”

गाड्या दोनच, पण त्यांच्यावरून या घराचे दोन तुकडे झाले होते. दोन्ही एकाच वर्षी बनलेल्या. आता तशी गाडी रस्त्यात दिसली की म्हातारी माणसं थांबून बघतात. दादाची ती ‘बाईसाहेब’. काळीभोर, लांबरुंद, सहा सिलिंडरचं इंजिन, मागच्या गादीवर माणूस पाय पसरून झोपेल एवढी ऐसपैस. सुरू व्हायला नखरे फार, पण एकदा निघाली की कुठल्याही चढाला दबणारी नव्हे. बाळ्याची ती ‘बेडकी’. हिरवी, बुटकी, इंजिन मागे आणि तेही वाऱ्यानेच गार होणारं. हाक मारावी तशी पहिल्या फटक्यात सुरू व्हायची, पण कडक उन्हात चढावर तिला धाप लागायची. मालकांनी टाकून दिलेल्या या दोन्ही गाड्या अण्णांनी, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांनी, स्वतःच्या हातांनी उभ्या केल्या होत्या. एक मिरवायला आणि एक पळवायला, असं ते म्हणायचे. कोणती चांगली, यावरून दोन्ही पोरं लहानपणापासून भांडायची आणि अण्णा खो खो हसायचे.

अण्णा गेले त्या दिवसापासून त्या भांडणातलं हसू मात्र गेलं.

जुन्या गाड्यांच्या मंडळाचं एक मासिक होतं. त्यात दादाच्या लेकीला, म्हणजे ताईच्या भाचीला, लेख लिहायचा होता : एकाच काळातल्या दोन गाड्या, दोन स्वभाव. पण लेख हे निमित्त होतं. तिला त्या दिवसाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. वर्षानुवर्षं दोन माणसं एकाच घटनेबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी ठामपणे सांगतात, आणि कुणीही ती तपासून बघत नाही, हेच तिला सहन होत नव्हतं. तिने बापाला वेगळं गाठलं, काकाला वेगळं गाठलं. आश्चर्य म्हणजे दोघांनीही लगेच होकार दिला. दोघांनाही आपणच खरे ठरणार याची खात्री होती.

“गॅरेजपासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत,” ती समजावून सांगत होती. “मी वर फाटकाशी उभी राहीन. मागच्या सीटवर आत्या. आणि तिच्या शेजारी... अण्णा आजोबांच्या वजनाएवढी वाळूची गोणी.”

ताईच्या हातातला पेला खाली टेकला. भाचीला कळलंच नाही. ती उत्साहाने पुढे बोलत राहिली.

“काकाची गाडी चढावर पुन्हा अडली, तर बाबांचं म्हणणं खरं. नाही अडली, तर मग दोष चढाचा नाही. मग उरतो अंगणातला वेळ. तोही मोजायचा.”

“अंगणातला कसला वेळ?” दादाने विचारलं. आवाज कोरडा होता.

“बाईसाहेब सुरू करण्यात गेलेला. तोही हिशेबात धरायला नको का, बाबा?”

दादा उठला. ताटात अर्धं जेवण तसंच होतं. हात धुताना त्याची पाठ ताईकडे होती, आणि त्या पाठीकडे बघताना तिला कळलं... अरे देवा! या पोरीने नकळत नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवलं, जी जागा ताईने आयुष्यभर दोन्ही हातांनी झाकून ठेवली होती!

त्या दुपारी अण्णांच्या छातीत कळ आली तेव्हा घरात दादा आणि ताई दोघंच होते. बाळ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. दादाने अण्णांना उचलून बाईसाहेबच्या मागच्या गादीवर निजवलं. ऐसपैस गाडी, नीट पडून राहतील म्हणून. आणि तो सुरू करायला बसला. बाईसाहेब रुसली. एरवी तिला कसं गोंजारायचं हे दादाइतकं कुणाला माहीत नव्हतं, पण त्या दिवशी बापाचं कण्हणं कानावर पडत होतं. त्याने पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबत राहिला... आणि पेट्रोल जास्त जाऊन प्लग ओले झाले. गाडी हाताळायला कालच शिकलेला पोरगा करील अशी चूक! मग बॉनेट उघडून एकेक प्लग काढून पुसणं सुरू झालं. तेवढ्यात बाळ्या बेडकी घेऊन आला. “थांब, झालंच आता!” असं दादा ओरडत असतानाच त्याने अण्णांना उचलून आपल्या गाडीत घातलं. ताई मागे बसली, अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन.

बेडकी सुसाट निघाली. पण हॉस्पिटलच्या शेवटच्या चढावर, भर उन्हात, तिच्या नळीतलं पेट्रोल उकळलं आणि ती मधोमध बंद पडली. बाळ्या खाली उतरून ओला फडका पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपावर ठेवत होता, रडत होता, पुन्हा किल्ली फिरवत होता... फाटकातून आत गेल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, “थोडं आधी आणायला हवं होतं.”

हे ‘थोडं आधी’ दोन्ही भावांनी वाटून घेतलं. दादा म्हणाला, माझी गाडी सुरू होतच होती, जरा थांबला असतास तर चढावर अडलो नसतो, तुझ्या घाईने अण्णा गेले. बाळ्या म्हणाला, तुझ्या गाडीच्या नादी लागलो असतो तर अंगणातच गेले असते. तेराव्या दिवसाआधीच मधल्या भिंतीचे पत्रे आले.

आणि खरं काय ते एकट्या ताईला ठाऊक होतं.

अण्णा चढावर गेलेच नव्हते. त्याच्या कितीतरी आधी, पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो ना, तिथे त्यांनी एक श्वास सोडला आणि दुसरा घेतला नाही. तिने मानेवर बोटं ठेवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. काही नाही! त्याच क्षणी पुढून बाळ्या ओरडला होता, “ताई, अण्णा बोलतायत का गं?” समोर रहदारी होती, गाडी बेफाम होती, आणि स्टिअरिंगवर तिच्या भावाचे थरथरणारे हात होते. ती म्हणाली, “हो, बोलतायत. पुढे बघ.”

बस्स. एवढंच खोटं! भाऊ जिवंत पोचावा म्हणून उच्चारलेले चार शब्द. संध्याकाळी सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. पण संध्याकाळी तिला दिसलं की दादा बाईसाहेबच्या बॉनेटवर डोकं टेकून उभा आहे आणि मुठीने पत्र्यावर हळूहळू मारतो आहे. अण्णा चढाच्या आधीच गेले, हे सांगितलं तर बाळ्या सुटतो. बेडकी अडली काय न् न अडली काय, सारखंच. पण मग वाया गेलेला एकच वेळ उरतो. अंगणातला. दादाचा! एकाला सोडवायचं म्हणजे दुसऱ्याला जन्मभरासाठी जखडायचं... तिने दोघांनाही त्याच मांडीवर वाढवलं होतं. तिने ओठ मिटले ते मिटलेच.

मग वर्षं गेली आणि मिटलेले ओठ उघडायची वाटच बुजून गेली. चष्म्याच्या दुकानाचे एक सज्जन मालक होते. त्यांनी तिला मागणी घातली होती. “तुमच्या भावांचं भांडण मिटेपर्यंत मी थांबतो,” असं ते म्हणाले, तेव्हा ती हसून म्हणाली होती, “नका थांबू. तुमचे केस पांढरे होतील.” आपण गेलो तर या दोघांचे निरोप कोण पोचवणार? भिंतीच्या दोन्ही बाजूंना ज्याचा आवाज जातो असं दुसरं माणूस कुठे होतं! ती दोघांच्याही गाड्यांच्या गाद्या शिवत राहिली, दुपारी इकडे जेवत राहिली, संध्याकाळी तिकडे. दादाच्या घरी तिला कधीकधी ऐकू यायचं, “वन्संना काय, त्या तिकडच्याच!” आणि बाळ्याच्या घरी, “तुला दादाच खरा वाटतो, माहीत आहे मला.” दोन घरांत जेवूनही उपाशी राहता येतं, हे तिला फार लवकर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन अगदी त्या दिवसासारखंच होतं.

दादाने बाईसाहेबला सकाळपासून पुसून पुसून आरशासारखी केली होती. मागच्या गादीवर गोणी आडवी ठेवलेली होती, तोंड दोरीने बांधलेली. ताई शेजारी बसली. हात कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तिने तो गोणीवर ठेवला आणि दचकून काढून घेतला. वाळू उन्हात तापली होती. ऊबदार झाली होती... माणसासारखी!

आज बाईसाहेब पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. दादाचे कान लाल झाले. आनंदाने नव्हे, हे ताईने ओळखलं. आज सुरू होणारी गाडी त्या दिवशी का झाली नाही, याचं उत्तर त्या घरघरीतच होतं.

वाटेत तो टाकीच्या वळणावर एकदाच म्हणाला, “लागत नाही ना गं काही? गादी तूच शिवलीयस म्हणा, तक्रार कुणाकडे करणार!”

“गादी चांगली आहे. चालवणारा हिसके देतो.”

तो किंचित हसला. आरशात तिला ते हसू दिसलं आणि गलबलून आलं. केवढा म्हातारा झाला होता तिचा भाऊ! चढ आला. बाईसाहेबने गियर बदलला आणि जणू काही सपाटच रस्ता आहे अशा दिमाखात वर गेली. फाटकाशी उभ्या असलेल्या भाचीने हातातल्या मोबाइलवर बोट दाबलं आणि टाळी वाजवली. दादा गाडीतून उतरला. त्याने मात्र टाळी वाजवली नाही. फाटकापाशी मागे हात बांधून तो चढाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आता बाळ्याची पाळी होती.

ताई बसने परत निघाली. दुपारच्या त्या रिकाम्या बसमध्ये कंडक्टर पेंगत होता. खिडकीतून ती तोच रस्ता उलटा बघत होती : आधी चढ, मग दुकानं, मग पाण्याची टाकी. टाकीपाशी तिने डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं ती या वळणावर एकटीच होती. ज्या जागी अण्णा गेले त्या जागेवर कुणी कधी फूल ठेवलं नाही, कुणी थांबलं नाही, कुणाला ठाऊकच नव्हतं! बाळ्या दर वर्षी चढावर जाऊन उभा राहायचा, चुकीच्या जागी, आणि ती त्याला पाठमोरा बघायची. आज बेडकी अडली तर बाळ्यावर शिक्कामोर्तब. न अडली तर अंगणातला वेळ, आणि दादा. काहीही झालं तरी संध्याकाळी आपला एक भाऊ अपराधी ठरणार... आणि तुलना म्हणे! दोन गाड्यांची तुलना होते, दोन भावांची कशी करायची?

बाळ्या दार उघडून उभाच होता. “बस. तेवढ्याच वजनाची दुसरी गोणी मीच ठेवलीय. डोकं तुझ्याकडे...” तो अडखळला. “म्हणजे, दोरीची बाजू.”

बेडकी निघाली. मागच्या इंजिनाची फटफट पाठीत घुमत होती. बाळ्याने तिच्यासाठी खिडकीची काच खाली करून ठेवली होती. तो पुढे बघून चालवत होता आणि ताई त्याच्या मानेवरचे पांढरे झालेले केस बघत होती. ती पोचायच्या आधी काही बोलणार नव्हती. काहीच नाही. निकाल लागू दे, मग बघू...

पण पाण्याची टाकी दिसू लागली आणि बाळ्याच बोलला.

“ताई, त्या दिवशी इथेच कुठेतरी मी विचारलं होतं तुला, अण्णा बोलतायत का. आठवतं?”

तिने गोणीची दोरी मुठीत धरली.

“तू हो म्हणालीस. काय बोलत होते गं ते?” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “विचारायचं कधी धाडसच झालं नाही. मला शिव्या घालत असतील तरी चालेल. पण शेवटचं काहीतरी बोलले, ते तुझ्यापाशी आहे, आणि मला नाही... कधीकधी वाटतं, तेवढं तरी कळावं.”

काहीतरी बनवून सांगणं किती सोपं होतं! ‘बाळ्याला जप, असं म्हणाले.’ चार शब्द! पुन्हा चारच शब्द! तिने तोंड उघडलं, आणि ज्या खोट्यावर तिने सगळं आयुष्य रचलं होतं, त्यावर आणखी एक मजला चढवायची ताकद तिच्यात उरली नाही.

“काही बोलत नव्हते रे, बाळ्या.”

गाडी वळणावर होती.

“इथेच गेले ते. या वळणावर. तुझे हात कापत होते, समोर गाड्या होत्या... मी खोटं बोलले.”

त्याने गाडी थांबवली नाही. पण तिचा वेग कळत नकळत मंदावला आणि पुन्हा वाढला. 

“म्हणजे चढाच्या आधी.”

“हो.”

“म्हणजे बेडकी बंद पडली तेव्हा...”

“तेव्हा ते नव्हतेच. मी नुसतीच त्यांचे हात चोळत बसले होते. तुला दिसावं म्हणून.”

बाळ्याने उलट्या पंज्याने डोळे पुसले. एकदा, दोनदा. मग तो हसला आणि हसतानाच त्याला हुंदका फुटला. “मी दर वर्षी त्या चढावर जातो गं! गाडी अडली तिथल्या दगडाला मी... अगं, मी त्या दगडाची माफी मागतो!” आणि पुढच्याच क्षणी तो हुंदका कापल्यासारखा थांबला. त्याची मान ताठ झाली. “मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? मला जळत बघत बसलीस? मी तुझा कुणीच नव्हतो?”

तिने उत्तर द्यायची गरजही नव्हती. बाळ्या काही मूर्ख नव्हता. चढ मग कारण नव्हताच, तर कारण कोणतं... त्याच्या मनात एकेक गोष्ट आपापल्या जागी बसताना तिला पाठीमागूनही दिसत होती. बॉनेट उघडं. ओले प्लग. ‘थांब, झालंच आता!’

“दादा...” तो पुटपुटला.

“त्याने मुद्दाम नाही केलं रे! तोही घाबरला होता. तू जसा या गाडीत, तसाच तो त्या गाडीत... मी कुणाला वाचवू आणि कुणाला बुडवू? तूच सांग, मी काय करायला हवं होतं?”

चढ सुरू झाला. बेडकी तो खुशाल चढू लागली. तिच्यातली पेट्रोलची नळी बाळ्याने केव्हाच इंजिनापासून लांबून फिरवून घेतली होती, पंपाला आडोसा केला होता. इतकी वर्षं त्याने दुसरं केलंच काय होतं! फटफट जराही अडखळत नव्हती. ती बाईसाहेबहूनही कमी वेळात पोचणार हे ताईला स्पष्ट दिसत होतं. आता बाळ्या जिंकणार. मग भाची म्हणणार, ‘उरतो अंगणातला वेळ.’ आणि बाळ्या आज सगळ्यांदेखत सांगणार, अण्णा कुठे गेले ते. त्याचा हक्कच होता तो! कुठल्या तोंडाने ती त्याला अडवणार होती?

वर फाटकाशी दादा दिसत होता. मागे हात बांधलेले, मान पुढे काढलेली. अण्णा पोरांची वाट बघत असेच उभे राहायचे.

बाळ्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग त्याचा पाय पेडलवरून अलगद उचलला गेला. हात किल्लीकडे गेला.

फटफट थांबली. त्या उतरत्या शांततेत ब्रेक ओढल्याचा आवाज तेवढा झाला.

“बाळ्या! काय करतोयस!”

“गरम झाली,” तो समोर बघत म्हणाला. “उन्हात होते ती अशी. दादा म्हणतोच ना.”

 जे ओझं तिने एकटीने वाहिलं, ज्याचा तिने कुणाला स्पर्श होऊ दिला नव्हता, त्याचं दुसरं टोक तिच्या धाकट्या भावाने काहीही न विचारता उचललं होतं! तिने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. त्याचा शर्ट भिजला. तो फक्त म्हणाला, “रडू नकोस. वरून दिसतं.”

पुरेसा उशीर झाल्यावर त्याने किल्ली फिरवली आणि बेडकी वर नेली.

भाचीचा चेहरा पडला होता. तिला कोण जाणे का, काका जिंकायला हवा होता. “अडली, काका.”

“अडली खरी. लिही तसं. बाईसाहेब थोर, बेडकी चढावर कच्ची.”

दादा जिंकला होता. वर्षानुवर्षं जे तो भिंतीपलीकडे ओरडून सांगत होता ते आज सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. पण तो सावकाश चालत बेडकीच्या मागे गेला, झाकण उघडलं आणि आत हात घालून त्या छोट्या पंपावर तळहात ठेवला. ठेवला तो काढलाच नाही.

“गार आहे,” तो म्हणाला.

बाळ्या झाकण लावायला पुढे आला.

“पेट्रोल उकळलं असतं तर मला इथे हात ठेवता आला नसता.” आणि मग, ताईकडे न बघता, निरोप न धाडता, तो सरळ भावाशी बोलला. “किल्ली फिरवलीस तू. गुदमरून थांबणारी गाडी आधी गचके खाते. का हरलास?”

“नाही हरलो. गाडी...”

“बाळ्या.”

बाळ्या खाली बघत राहिला. दादाची नजर फिरून ताईवर आली. तिने चेहरा लपवायचा प्रयत्न केला, पण डोळे लाल होते, आणि इतकी वर्षं शहाणी राहिलेली ती आज अगदीच उघडी पडली होती.

“ताई, अण्णा कुठे गेले?”

“टाकीच्या वळणावर,” ती म्हणाली. आवाज इतका हलका की भाचीला पुढे वाकून ऐकावं लागलं.

दादा बेडकीला टेकला. हिरव्या पत्र्यावर त्याचा पंजा पसरला होता. “वाटतच होतं,” तो म्हणाला. “मागाहून हॉस्पिटलात पोचून मी त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा ते फार गार होते. नुकताच गेलेला माणूस इतका गार नसतो. मला तेव्हाच... पेडल मी मारलं रे. एखाद्या पोरासारखं मारत बसलो. आणि रात्रंदिवस तुझ्या नावाने ओरडत राहिलो, कारण ओरडणं थांबवलं की मला तेच ऐकू यायचं!” त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. “आणि तुला सगळं कळल्यावर तू माझ्यासाठी हरतोस? गाढवा!”

“कुणाच्याही हातून झालं असतं, दादा,” बाळ्या म्हणाला. पत्र्याची भिंत उभी राहिल्यापासून त्याने ‘दादा’ ही हाक समोरासमोर मारलीच नव्हती. “मीही चढावर तेच केलं की. किल्ली फिरवत बसलो होतो.”

भाची मोबाइल खिशात घालत होती.  “बाबा, तो वेळ वाचला असता तरी ते वाचले असते का, हे नाही सांगता येत. खरंच नाही येत. मी काल उगाच म्हटलं की मोजू या. हे मोजता येत नाही.”

 फाटकातून कुणी रुग्णाला खुर्चीवरून बाहेर आणत होतं. दादाने नाक पुसलं, पुन्हा झाकणाखाली डोकावून पाहिलं, आणि त्याचा आवाज भरलेलाच होता तरी त्यात कारागिराचा हट्ट शिरला.

“इतका गार राहतो कसा पण? काय केलंयस?”

“नळी फिरवून घेतलीय. हे बघ, इकडून. आणि मध्ये पत्रा.”

“पत्रा? आवाज नाही करत?”

“तुझ्या पत्र्यापेक्षा कमी करतो.”

“जास्त बोलू नकोस. चालव, बघू या. पुन्हा खालून चढव. पाय न काढता!”

“तू चालव की.”

“मी? हिला?” दादा क्षणभर घुटमळला. मग पोटाला आवरत, वाकून, शिव्या घालत त्या बुटक्या गाडीत चालकाच्या जागी शिरला. गुडघे स्टिअरिंगला लागले. बाळ्या शेजारी बसला, भाची मागे गोणीजवळ घुसली. “क्लच हळू सोड,” “मला शिकवतोस?” “अरे हळू!” अशा कल्लोळात बेडकीने एक हिसका खाल्ला, वळली, आणि तिघांना घेऊन उताराला लागली.

ताई फाटकाशी उभी होती. कुणी तिला ‘बस’ म्हटलं नव्हतं. कुणी ‘येतो गं’ म्हटलं नव्हतं. कुणी एकदा मागे वळूनही पाहिलं नव्हतं! उन्हात तो हिरवा ठिपका लहान होत गेला आणि दोन भावांचे चढलेले आवाज त्याच्याबरोबर विरत गेले. ते एकमेकांशी बोलत होते. थेट. मध्ये कुणाचीही गरज नसल्यासारखे.

ती बाईसाहेबमध्ये जाऊन बसली. आत तापलेल्या रेक्झिनचा वास होता. गोणीशेजारच्या त्या जागेवर तिला फार एकटं वाटलं. कधी नव्हे इतकं एकटं. जन्मभर ज्या कामासाठी ती मागे राहिली, ते काम आज तिच्या डोळ्यांदेखत संपलं होतं. आता ती कोण होती? दुपारचं जेवण कुठे, हा प्रश्नही आता कुणी विचारणार नव्हतं... तिने खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता. विसरले मला, तिच्या मनात आलं. दोघंही विसरले! आणि डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत असतानाच तिला हसू फुटलं, कारण इतकी वर्षं देवापाशी तिने दुसरं मागितलं तरी काय होतं?